चौथ्या गुणसूत्राच्या टोकाशी

1968 सालची गोष्ट. लॉस एंजेलिसमध्ये भल्या सकाळी पन्नाशी उलटलेली एक बाई रस्ता ओलांडत होती. ज्युरीच्या कामासाठी कोर्टात निघालेली. एक पोलीस तिच्यावर खेकसला, एवढ्या सकाळी ढोसून यायला लाज नाही वाटत? ती प्यायलेली नव्हती. पण आपण झोकांड्या खात चालतो आहोत, हे तिला त्या क्षणी कळलं. त्याचा अर्थ लावायलाही फार वेळ लागला नसावा. तिचे वडील ह्याच आजाराने गेले होते आणि तिघा भावांनाही तोच होता.

तिचं नाव लिओनोर वेक्सलर. प्राणिशास्त्र शिकलेली, फळमाश्यांच्या आनुवंशिकतेवर काम केलेली. म्हणजे गुणसूत्रं, प्रभावी जनुक, अप्रभावी जनुक ही सगळी बाराखडी तिला तोंडपाठ. तरी हा आजार घरातल्या पुरुषांनाच होतो, असं लहानपणी तिच्या कानावर पडलेलं आणि ती त्या भरवशावर राहिलेली. शिकलेल्या माणसानेही घरापुरतं विज्ञान बाजूला ठेवावं, ह्यात मला नवल वाटत नाही. माझ्यासमोर रोज अशी माणसं बसतात.

आजाराचं नाव हंटिंग्टन. 1872 मध्ये जॉर्ज हंटिंग्टन नावाच्या बावीस वर्षांच्या डॉक्टरने त्याचं नेटकं वर्णन लिहिलं. त्याचे वडील आणि आजोबाही लाँग आयलंडवर डॉक्टर होते. एकाच गावातल्या त्याच त्याच घरांतले रुग्ण तीन पिढ्यांनी पाहिलेले, म्हणून हा आजार आईबापांकडून मुलांत उतरतो आणि ज्याच्यात उतरला नाही त्याच्या पुढच्या पिढ्या सुटतात, हे त्याला छातीठोकपणे सांगता आलं. मेंडेलचं नाव तेव्हा कुणाला ठाऊकही नव्हतं. आजार साधारण तिशी-चाळिशीत डोकं वर काढतो. आधी बोटं अस्वस्थ होतात, मग खांदे, मान, चेहरा, आणि पुढे हातपाय आपल्याच तालावर वळवळू लागतात. त्याच्या जोडीने, कित्येकदा त्याच्याही आधी, चिडचिड, उदासी, साध्या साध्या गोष्टी ठरवता न येणं. पंधरा-वीस वर्षांत माणूस अंथरुणाला खिळतो. हालचाली थोड्या आवरणारी औषधं आहेत, आजार थांबवणारं अजून नाही. आणि आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी.

लिओनोरचा नवरा मिल्टन मनोविश्लेषक होता. त्याने दोघी मुलींना समोर बसवून हे सांगितलं. थोरली ॲलिस सव्वीस वर्षांची, धाकटी नॅन्सी तेवीस. आपण मुलं होऊ द्यायची नाहीत, हे दोघींनी तेव्हाच ठरवलं. मिल्टन मात्र हातावर हात ठेवून बसणारा गडी नव्हता. त्याने वैज्ञानिकांना गोळा करायला सुरुवात केली. त्यातून पुढे हेरेडिटरी डिसीज फाउंडेशन उभं राहिलं. त्याच्या बैठकांचा खाक्या वेगळा होता. नावाजलेल्या प्राध्यापकांपेक्षा तरुण पोरं बोलवायची, तयार भाषण आणायचं नाही, स्लाइड दाखवायच्या नाहीत. बसा आणि मोठ्याने विचार करा. हॉलिवूडमधली मंडळी त्याच्या ओळखीची, त्यामुळे संध्याकाळच्या पार्टीचं आमिषही असायचं. सरकारी अनुदानाच्या समितीने अशा बैठकीला एक छदाम दिला नसता.

नॅन्सी वेक्सलर ह्यांच्याबद्दल लिहायचं ठरवलं त्याचं एक कारण हे, की बाईंनी आनुवंशशास्त्राची पदवी कधी घेतलीच नाही. त्यांची पीएचडी मानसशास्त्रातली, मिशिगन विद्यापीठाची, 1974 ची. विषय: हंटिंग्टनच्या छायेत जगणारी माणसं. म्हणजे स्वतःच. चेतासंस्थेच्या आजारांच्या आनुवंशिकतेतलं विसाव्या शतकातलं बहुधा सर्वांत गाजलेलं संशोधन ज्यांच्या नावाशी जोडलं गेलं, त्यांनी पिपेट हातात धरून नाव कमावलेलं नाही. त्यांनी माणसं गोळा केली. वंशावळी काढल्या. हे काम दुय्यम आहे असं मानणारे आमच्या क्षेत्रात पुष्कळ आहेत. एखादा शोधनिबंध निघतो तेव्हा ज्याने डीएनए वाचला त्याचं नाव पुढे, आणि ज्याने गावोगाव फिरून कोण कुणाचा कोण हे विचारलं त्याचे आभार तळटीपेत. माझ्या मते हा हिशेब उलटा आहे. यंत्र कुणीही विकत आणू शकतं. अठरा हजार माणसांचं गणगोत विकत मिळत नाही.

ते गणगोत व्हेनेझुएलात सापडलं. माराकाइबो नावाचा अवाढव्य जलाशय, त्याच्या काठाने कोळ्यांची वस्ती. 1950 च्या दशकात अमेरिको नेग्रेते नावाचा एक तरुण डॉक्टर सान लुइस भागात नेमणुकीवर आला. रस्त्यात इतके झिंगलेले लोक कसे, हा त्याला पडलेला पहिला प्रश्न. (पोलिसाला लॉस एंजेलिसमध्ये जे वाटलं, तेच डॉक्टरलाही इथे वाटलं, हे लक्षात घेण्यासारखं आहे.) तिथली माणसं म्हणाली, दारू नाही डॉक्टर, हा ‘एल माल’, म्हणजे ती पीडा. नेग्रेतेने घराघरांत जाऊन नोंदी ठेवल्या, 1955 मध्ये लिहिलं, पुढे पुस्तकही काढलं. स्पॅनिशमध्ये. म्हणून अमेरिकेत कुणी वाचलं नाही. 1972 मध्ये, हंटिंग्टनच्या निबंधाच्या शताब्दीला ओहायोत परिषद भरली तेव्हा नेग्रेतेच्या एका शिष्याने त्या वस्त्यांची फिल्म दाखवली. एकाच ठिकाणी इतके रुग्ण! सभागृहातल्या भल्याभल्यांनी आयुष्यात एवढे पाहिले नव्हते.

बाई तिथे पहिल्यांदा पोचल्या 1979 मध्ये. डोक्यात एक विशिष्ट कल्पना होती: आई आणि वडील दोघांनाही आजार असेल, तर ज्या मुलाला दोन्हीकडून सदोष जनुक मिळाला त्याच्यात काय दिसतं, हे पाहायचं. असं कुटुंब सापडणं जगात दुसरीकडे जवळजवळ अशक्य. इथे ते सापडण्यासारखं होतं. 1981 पासून दरवर्षी वसंतात मोठं पथक नेऊ लागल्या. सान लुइस शहराला चिकटलेली वस्ती, बारांकितास काठावरचं गाव, आणि लागुनेता तर पाण्यातच, खांबांवर उभी घरं, होडीशिवाय जाता येत नाही. ॲन यंग आणि त्यांचे पती जॅक पेनी हे दोघे न्यूरॉलॉजिस्ट सोबत असत. तपासायचं कसं, तर जीभ बाहेर काढून ठेवा, बोटं टपटप आपटा, डोकं न हलवता फक्त डोळ्यांनी इकडे पाहा, तिकडे पाहा. ती डोळ्यांची उडी अडखळते का, हे नजरेत धरायचं, कारण हात वळवळायच्या कितीतरी आधी तिथे काहीतरी बिघडलेलं असतं. तपासणाऱ्याला समोरच्याची वंशावळ ठाऊक नसायची, म्हणजे ‘हिच्या आईला होता’ ह्या माहितीने डोळे फसत नाहीत.

आणि रक्त. रक्त द्यायला कोण तयार होणार? गोरे लोक येतात, सुई टोचतात, बाटली घेऊन विमानात बसतात. का द्यावं? बाईंनी सांगितलं की माझ्या आईला हाच आजार होता. कुणाचा विश्वास बसेना. तिथल्या बायकांना वाटायचं, अमेरिकेत असले आजार असतातच कुठे. संशोधनासाठी कातडीचा चिमुकला तुकडाही घ्यायचे. तो बाईंनी स्वतःचाही दिलेला होता, त्याचा व्रण दंडावर होता. पथकातल्या एका अर्जेंटिनी नर्सने बाईंचा हात वर धरून तो व्रण गर्दीला दाखवला. हिच्याही अंगावर खूण आहे, बघा! त्यानंतर लोकांनी हात पुढे केले.

मला ह्या प्रसंगाचं मोल त्यातल्या भावनेपेक्षा पद्धतीसाठी जास्त वाटतं. संशोधकाने विषयापासून अंतर राखावं, असं आम्हाला शिकवलं जातं. इथे अंतर राखलं असतं तर एक थेंब रक्त मिळालं नसतं. तपासणीत मात्र अंतर होतं, ते डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखं काटेकोर. कुठे जवळ जायचं आणि कुठे लांब राहायचं, हे बाईंना बरोबर कळत होतं.

ते रक्त ताजं असतानाच बोस्टनला जायचं, आनुवंशशास्त्रज्ञ जेम्स गुसेला ह्यांच्याकडे. त्या काळी मानवी जनुकांचा नकाशा म्हणजे जवळपास कोरा कागद. 1979 च्या फाउंडेशनच्या बैठकीत डेव्हिड हाउसमन ह्यांनी एक युक्ती सुचवली होती. जनुक कुठे आहे ठाऊक नसलं तरी हरकत नाही. डीएनएवर जागोजागी असे पट्टे असतात की ते माणसामाणसांत थोडे निराळे असतात. कुटुंबात आजार ज्याच्या ज्याच्याकडे गेला, त्याच्या त्याच्याकडे एखाद्या पट्ट्याचं एकच रूप जात असेल, तर जनुक त्या पट्ट्याच्या शेजारीच कुठेतरी. अशा खुणा शेकडो तपासाव्या लागतील, दशकं जातील, असं जाणकार म्हणत होते. गुसेलांना पहिल्या डझनभर खुणांतच सापडली! जी-8 तिचं नाव. आयोवातल्या एका कुटुंबात आधी चाहूल लागली होती. माराकाइबोच्या घराण्यात आजार आणि ह्या खुणेचं एक रूप हातात हात घालून चालताना दिसले. चौथं गुणसूत्र. 1983 च्या नोव्हेंबरात ‘नेचर’मध्ये निबंध आला. निव्वळ डीएनएच्या खुणेवरून, जनुकाबद्दल काहीही माहीत नसताना, आनुवंशिक आजाराचं ठिकाण असं गुणसूत्रावर बोट ठेवून दाखवण्याची ती पहिली वेळ.

पुढची दहा वर्षं कंटाळवाणी आणि कष्टाची. ती भरभर ओलांडतो आपण. जनुक गुणसूत्राच्या अगदी टोकाशी असावा अशा समजुतीत बराच काळ गेला, तो निघाला थोडा आत. सहा प्रयोगशाळांनी एकमेकींपासून काही लपवायचं नाही असं ठरवून काम केलं, आणि 1993 च्या मार्चमध्ये अठ्ठावन्न जणांच्या गटाच्या नावाने जनुक जाहीर झाला. कुणा एकाचं नाव पुढे नाही. वैज्ञानिकांच्या अहंकाराशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना हा शोधाइतकाच मोठा चमत्कार वाटेल.

बिघाड काय, तर डीएनएच्या लिपीतली सीएजी ही तीन अक्षरं. त्या जनुकाच्या सुरुवातीला ती आपल्या सगळ्यांच्यातच पुन्हा पुन्हा येतात, बहुतेकांत सतरा-अठरा वेळा. पस्तीसपर्यंत धोका नाही. 36 ते 39 मध्ये आजार होईलही, नाहीही. चाळीस किंवा जास्त असतील तर, माणूस पुरेसं जगला तर, होणारच. जपमाळ ओढणाऱ्याची मोजणी चुकावी आणि दर खेपेला दोन मणी जास्तच पडावेत तसं, पिढी पालटताना, विशेषतः बापाकडून येताना, आकडा वाढू शकतो. आकडा मोठा तितका आजार लवकर. साठच्या पुढे गेला तर तो शाळकरी वयातही गाठतो.

मी पुण्यात एका लॅबमध्ये हे आकडे काढते, आणि काही वर्षांपासून समुपदेशनालाही बसते. पडद्यावर दिसतं ते असं. एक आडवी रेघ, तिच्यावर दोन सुळके. एक आईकडून, एक वडिलांकडून. प्रत्येक सुळक्याच्या डाव्या अंगाला त्याचीच बुटकी पिल्लं उभी असतात, कारण नक्कल करताना एंझाइमचाही पाय घसरतो. मुख्य सुळका कोणता ते ओळखायचं आणि त्याच्यावर आकडा लिहायचा. 17 आणि 22. सुटला. 17 आणि 43. नाही सुटला. एकच सुळका दिसला की मात्र जीव दचकतो. दोन्हीकडचा आकडा तोच असेल तर उत्तम. पण दुसरा इतका लांबलचक असेल की आपल्या अभिक्रियेला तो उचलताच आला नाही, तर? मग वेगळ्या पद्धतीने पुन्हा तपासल्याशिवाय कागदावर सही करायची नाही. सगळ्या चाचणीचं सार एका ओळीत मावतं. रक्तातली साखर सांगणारा रिपोर्टसुद्धा ह्याच्यापेक्षा लांब असतो.

आणि इथे बाईंच्या कारकिर्दीतली ती गोष्ट येते, जी सांगितली की ऐकणारा हमखास भुवया उंचावतो. खूण सापडल्यावर 1986 पासून लक्षणं नसलेल्यांचीही चाचणी करता येऊ लागली. 1993 नंतर तर ती सोपी झाली. ज्यांनी ती शक्य केली त्यांनी, म्हणजे वेक्सलरबाईंनी, ती स्वतः करून घेतली की नाही हे जाहीरपणे सांगायला नकार दिला. पुढे कळलं की करून घेतलीच नव्हती. काहींना ह्यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. जे टाळता येत नाही ते आधी समजून काय मिळणार, हा प्रश्न भित्र्याचा नव्हे. ज्याला आपलं काम चोख करायचं आहे त्याचाही तो असू शकतो. चाचणी शक्य झाल्यावर धोक्यात असलेले लोक रांगा लावतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात बहुतेक देशांत पाचांतला एकही पुढे आला नाही. म्हणजे बाई अपवाद नव्हत्या, त्या नियमात बसत होत्या.

ह्या नकाराचा संशोधनाला फायदा झाला, असं माझं मत आहे. चाचणी कशी द्यायची ह्याचे आंतरराष्ट्रीय नियम 1994 मध्ये आले, ते रुग्णांच्या संघटना आणि डॉक्टर ह्यांनी मिळून केले. अठराच्या आतल्या मुलाची चाचणी नाही. आधी समुपदेशन. सोबत जवळचं माणूस. निकाल प्रत्यक्ष भेटीत. आणि रक्त दिल्यावरही, निकाल तयार होऊन टेबलावर असतानाही, ‘नको’ म्हणता येतं. मानवी जीनोम प्रकल्पात नैतिक आणि सामाजिक प्रश्नांसाठी जो गट होता, त्याच्या सुरुवातीच्या वर्षांत बाईच अध्यक्ष होत्या. माहिती म्हणजे औषध नव्हे, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती.

आपल्याकडे हे नियम लावताना जी तारांबळ उडते ती निराळीच. इथे चाचणीला एकटं माणूस क्वचित येतं, घर येतं. मागे एक मुलगी आली होती, वडिलांना आजार, लग्न ठरत आलेलं. सोबत मामा. मामांचं म्हणणं सरळ होतं, “मॅडम, मुलाकडच्यांना कळलंय घराण्यात काहीतरी आहे. निगेटिव्ह रिपोर्ट हातात असला की आमचं तोंड वर.” पॉझिटिव्ह आला तर? ह्याचा विचार त्यांनी केलेला नव्हता. मुलीने केला होता. मी तिला एकटीला आत बोलावलं, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला तो जनुकाबद्दल नव्हता. “ताई, मीच नको म्हटलं तर मामाला तुम्ही सांगाल का?” सांगते म्हटलं, आणि सांगितलं. नियमच आहे, चाचणी जिची तिच्या मर्जीने. मामा नाराज झाले. नियमाचा आधार नसता तर मी काय केलं असतं, कुणास ठाऊक. ‘वाताचं आहे’, ‘डोक्याचं आहे’, ‘बाहेरचं आहे’ असं म्हणत पिढ्यान्‌पिढ्या झाकलेलं असतं, आणि मग लग्नाच्या बाजारात अचानक एका आकड्यावर सगळा भार.

बाईंच्या कामाची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा नुसता गौरवलेख होईल. माराकाइबोच्या लोकांनी चार हजारांच्या वर रक्ताचे नमुने दिले. त्यावरून जनुक सापडला, चाचणी निघाली, जगभरच्या लॅबना काम मिळालं, माझ्यासकट. त्यांना काय मिळालं? 1999 मध्ये तिथे रुग्णांसाठी एक निवासी केंद्र उघडलं, ‘प्रेम आणि श्रद्धा’ अशा नावाचं. पुढे ते चालवता आलं नाही. देशाची अर्थव्यवस्था कोसळली, पथकाच्या वार्षिक खेपाही बंद झाल्या होत्या. जगात हंटिंग्टन सर्वांत जास्त जिथे आहे, तिथे साधं पोटभर खायला मिळण्याची मारामार. आणि ह्या आजारात सततच्या हालचालींमुळे उष्मांक चौपट नाही तरी पुष्कळच जास्त लागतात, माणूस नुसता झिजत जातो. बाईंना ह्याची जाणीव नव्हती असं नाही, औषधं, कपडे, पैसे हे सगळं त्या नेत असत. पण एका संशोधकाची सहानुभूती म्हणजे सार्वजनिक आरोग्यव्यवस्था नव्हे. ज्यांच्या रक्तावर विज्ञान उभं राहतं त्यांचा त्यात वाटा किती, ह्याचं उत्तर आमच्या क्षेत्राने अजून दिलेलं नाही.

2020 च्या मार्चमध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, बाईंनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला सांगितलं की मलाही आजार आहे. जवळच्यांना केव्हाच दिसत होतं, चालणं, हातांची अस्वस्थता. ज्या डोळ्यांनी हजारो माणसांत पहिली लक्षणं टिपली होती, त्यांना स्वतःची दिसत नव्हती, असं म्हणतात. ते खरंही असेल. हा आजार स्वतःबद्दलची जाणीवच बोथट करतो. पण वयाकडे लक्ष द्या. आईला पन्नाशीत निदान, आईच्या भावांना त्याही आधी, आणि लेकीला इतक्या उशिरा.

हाच उशीर मला सगळ्यांत जास्त खुणावतो, कारण व्हेनेझुएलाच्या त्याच वंशावळींनी 2004 मध्ये एक गोष्ट दाखवली होती. आकडा सारखाच असलेल्या दोन माणसांत आजार सुरू होण्याच्या वयात मोठं अंतर पडू शकतं. आकड्याने जे उलगडत नाही, त्यातला सुमारे चाळीस टक्के भाग इतर जनुकांचा आणि उरलेला परिस्थितीचा. ते इतर जनुक कोणते, हे 2015 नंतर कळू लागलं. बरेचसे डीएनएची डागडुजी करणारे निघाले. आणि 2025 च्या सुरुवातीला ‘सेल’मध्ये आलेल्या अभ्यासाने चित्र पालटलं. जन्मतः त्रेचाळीस असलेला आकडा मेंदूच्या आतल्या काही पेशींत आयुष्यभर हळूहळू वाढत राहतो. दीडशेच्या आसपास जाईपर्यंत पेशी जवळपास ठणठणीत असते. त्यानंतर तिची घसरण सुरू होते. म्हणजे रक्तातला आकडा ही फक्त सुरुवातीची रेघ. शर्यत मेंदूत चालू असते, आणि ती लांबवता येईल का, ह्यावर आता औषधवाल्यांच्या उड्या पडत आहेत. डागडुजी करणाऱ्या जनुकांपैकी एकाला थोडं आवरलं, तर आकडा वाढायचा वेगच मंदावेल, असा त्यांचा बेत आहे.

माझ्या रोजच्या कामात ह्याने एक बदल झाला. रिपोर्ट घेऊन बसलेली माणसं पूर्वीही विचारायची, आताही विचारतात, “त्रेचाळीस म्हणजे नेमकं कितव्या वर्षी?” पूर्वी मी तक्ता काढायचे, सरासरी दाखवायचे, आणि ‘सरासरी म्हणजे तुम्ही नव्हे’ असं पुढे जोडायचे. आता तक्ता काढत नाही. तुमच्या रक्तात आकडा कळला, तुमच्या मेंदूतला कुणालाच मोजता येत नाही, असं सांगते. समोरचा माणूस थोडा वैतागतो, कारण पैसे देऊन आला आहे आणि त्याला तारीख हवी आहे. मग पुढचे प्रश्न येतात ते कामाचे असतात. विमा, नोकरी, भावाला सांगायचं का, मूल हवं असेल तर गर्भाची किंवा त्याआधी भ्रूणाची चाचणी करता येते का. त्यांची उत्तरं माझ्याकडे असतात.